मासळीची मेजवानी

पुरणपोळीच्या जेवणाचा बेत आखणे सोपे असते. हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक आणि तूप या चारही वस्तू वाण्याच्या दुकानात बारा महिने तेरा काळ मिळतात. आठ दिवस आधी यादी करावी, चार दिवस आधी सामान भरावे आणि ठरल्या दिवशी निर्धास्तपणे चुलीपाशी उभे राहावे. मासळीच्या मेजवानीचे मात्र तसे नाही. तिचा मुख्य पुरवठादार समुद्र असतो, आणि तो कोणाचीही मागणी आगाऊ नोंदवून घेत नाही. आज काय द्यायचे हे तो वाऱ्यावर, भरतीवर आणि ऋतूवर सोपवून मोकळा होतो.

घरी दहा-बारा माणसे जेवायला बोलवायची, त्यांना स्वतःच्या हाताने चार प्रकारची मासळी करून वाढायची, तर हा बेत कसा आखावा आणि त्याचा बाजार कसा करावा, याविषयी आज चार गोष्टी सांगाव्या असे योजले आहे. मी पाकशास्त्रातला अधिकारी नव्हे. पण या विषयात माझ्या हातून एकदा एक चूक घडली आहे, आणि ती सांगितली म्हणजे पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

माझे एक मामा होते. त्यांचे बालपण मालवणास गेले आणि सारी नोकरी इंदुरास झाली. समुद्राचा ताजा मासा वर्षानुवर्षे त्यांच्या ताटात पडत नसे. एके वर्षी दिवाळीनंतर ते मुंबईस आमच्याकडे आले. मी मोठ्या हौसेने यादी केली : पापलेट तळायचे, सुरमईचे कालवण करायचे, कोळंबीचा भात करायचा. यादी खिशात घालून सकाळी बाजारात गेलो. सुरमई मिळाली, कोळंबीही मिळाली; पण ताजे पापलेट त्या दिवशी बाजारात नव्हते. एका कोळिणीच्या पाटीत बांगडे होते. निळसर-हिरव्या पाठीचे, ताठ, नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे. ती म्हणाली, "बांगडा न्या, भाऊ. पहाटेचा आहे." मी म्हणालो, "मावशी, घरी पाहुणे आहेत. पाहुण्यांना बांगडा कसा वाढणार?" तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले आणि विचारले, "ही यादी दर्याला दाखवली होतीत का?"

मी हसलो, पुढे गेलो आणि दुसऱ्या गाळ्यावरून बर्फातले पापलेट चढ्या भावाने घेऊन आलो. जेवणे झाली. कोणी काही उणे बोलले नाही. हात धुताना मामांनी सहज विचारले, "आज बाजारात बांगडा नव्हता का रे?" मी "नव्हता" असे उत्तर दिले. मासळीच्या बाबतीत मी खोटे बोललो तो तेवढा एकच प्रसंग. पण त्याची रुखरुख अद्याप गेलेली नाही. कारण मामा त्यानंतर पुन्हा मुंबईस आले नाहीत.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. मासळीच्या मेजवानीची यादी माशांच्या नावांनी करायची नाही. ती जागांच्या नावांनी करायची. तळण्यासाठी एक, कालवणासाठी एक, सुक्यासाठी एक आणि भातासाठी एक, अशा चार जागा कागदावर मांडायच्या. त्या जागी कोण बसणार हे बाजारात गेल्यावर ठरवायचे. आपल्याकडे प्रतिष्ठेच्या माशांची एक उतरंड असते. पापलेट, सुरमई, रावस वर. बांगडा, तारली, मांदेली खाली. ही उतरंड भावाने लावलेली आहे, चवीने नव्हे. ताजा बांगडा शिळ्या पापलेटापेक्षा केव्हाही श्रेष्ठ असतो, हे ज्याला पटले त्याचा निम्मा बेत तिथेच सिद्धीस गेला.

आता दिवस कसा निवडावा ते पाहू. पहिले पंचांग पाहुण्यांचे. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची चतुर्थी, तर कोणाचा सबंध श्रावण पाळणुकीचा असतो. आमंत्रण देण्यापूर्वीच हे विचारून घ्यावे. मेजवानीच्या दिवशी दारात येऊन "आज माझा वार आहे" असे सांगणारा पाहुणा आणि ते ऐकणारी गृहिणी या दोघांनाही सारखेच अवघडल्यासारखे होते. रविवारी बाजारात गिऱ्हाइकांची दाटी असते आणि भावही चढलेले असतात. सवड असेल तर आडवारी बेत करावा. पैसा वाचतो आणि निवडीला उसंत मिळते.

दुसरे पंचांग समुद्राचे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना सामान्यतः १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. पावसाळ्यात पश्चिमेचा समुद्र खवळलेला असतो हे तर खरेच; पण याच सुमारास पुष्कळ जातींची मासळी अंडी घालते, तिला निर्वेधपणे वाढू द्यावे हाही बंदीचा मोठा हेतू आहे. या दिवसांत बाजारात दिसणारे समुद्राचे मासे बहुतेक दुसऱ्या किनाऱ्यावरून बर्फात प्रवास करून आलेले किंवा शीतगृहात ठेवलेले असतात. खाडीतली आणि लहान होड्यांनी धरलेली थोडी मासळी तेवढी जवळची असते. म्हणून आषाढात मोठी मेजवानी ठरवू नये, आणि ठरवलीच तर ती खाडीच्या मासळीवर किंवा तळ्यात वाढवलेल्या कोळंबीवर बेतावी. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात आणि त्या सुमारास हंगाम पुन्हा सुरू होतो. तिथून पुढे थंडीपर्यंतचे महिने मत्स्याहारी माणसाचे खरे सणाचे महिने होत.

तिसरे पंचांग चंद्राचे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो; त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास तो मंदावतो. त्याला भांग म्हणतात. मुंबई-पालघरकडे बोंबील ज्या डोल जाळ्याने पकडतात, ते पाण्यात एके ठिकाणी बांधून ठेवलेले असते आणि प्रवाहाबरोबर मासळी त्यात शिरते. अर्थात प्रवाहाला जोर असला तरच जाळे भरते. तिसऱ्यांचेही तसेच. मोठी ओहोटी लागली म्हणजे पाणी दूरवर हटते, खाडीचा तळ उघडा पडतो आणि तिसऱ्या वेचणे सुकर होते. कोळी लोक भाव सांगताना तिथी सांगतात ते उगीच नव्हे.

दिवस ठरला; आता चार जागांचा विचार करू. तळण्यासाठी असा मासा घ्यावा की ज्याची तुकडी तव्यावर मोडणार नाही. सुरमई, हलवा, रावस, पापलेट हे त्या जागेचे मानकरी. बोंबीलही तिथे शोभतो, पण त्याच्या अंगात शेकडा ८५ ते ९० भाग पाणीच असते. म्हणून तो चिरून, दोन फळ्यांमध्ये वजनाखाली दाबून पाणी काढल्याखेरीज कुरकुरीत होत नाही. ज्या घरी हे काम करायला अर्धा तास आणि एक जड वरवंटा नसेल, त्यांनी मेजवानीत बोंबील तळण्याच्या भरीस पडू नये.

कालवणाला तेलकट मासा चांगला, कारण त्याचा स्वाद रसात उतरतो. बांगडा आणि तारली या जागेसाठीच जन्माला आल्या आहेत. त्यांच्या उग्र स्वादाला सावरण्यासाठी दक्षिण कोकणात आणि गोव्यात कालवणात तिरफळे घालतात. तीच तिरफळे कोळंबीच्या नाजूक आमटीत घातली तर कोळंबी हरवून जाते. म्हणून जाणत्या गृहिणी तिथे ती वापरत नाहीत. आंबटपणासाठी आमसूल, चिंच किंवा कैरी यांपैकी काहीतरी हवेच. आंबट ही केवळ चवीची गोष्ट नाही. माशाच्या वासाला कारण होणारी द्रव्ये अल्कधर्मी असतात आणि आम्लाच्या योगाने त्यांचे रूपांतर न उडणाऱ्या क्षारांत होते. आपल्या आज्या हे रसायनशास्त्र न शिकता पाळत आल्या.

सुक्याच्या जागी तिसऱ्या किंवा खेकडे आणि भाताच्या जागी कोळंबी, म्हणजे चार जागा भरल्या. सोबत सोलकढी, साधा भात, भाकरी आणि कांद्याची कोशिंबीर. चारही पदार्थांत नारळाचे वाटण असेल तर जेवण जड आणि एकसुरी होते. म्हणून दोन पदार्थ वाटणाचे आणि दोन बिनवाटणाचे असावेत. मुलांच्या व वृद्धांच्या पानात कमी काट्याचा मासा जाईल अशी एक तरी सोय ठेवावी. कोळंबी कोणाला सोसत नाही हे आधीच विचारावे. ज्याला ती सोसत नाही त्याला खेकडा आणि शेवंडही बहुधा सोसत नाहीत, आणि हा त्रास केवळ खाज सुटण्यापुरता राहील याची शाश्वती नसते. अशा पाहुण्याचा मासा कोळंबी तळलेल्या तेलात तळू नये, आणि त्याला वाढण्याचा डावही वेगळा ठेवावा.

आता प्रमाण. बारा माणसांचा हिशेब धरू. मासे विकत घेताना आपण पैसे देतो ते डोके, कल्ले, आतडी, खवले या सर्वांचे. पानात पडतो तो उरलेला भाग. सुरमईचा साफसफाईत सुमारे तिसरा हिस्सा जातो. तीन किलोची सुरमई घेतली तर दोन किलोच्या आसपास तुकड्या हाती येतात, म्हणजे माणशी दोन बेताच्या तुकड्या. कोळंबीचे डोके आणि साल यांतच जवळजवळ निम्मे वजन जाते. म्हणून भातासाठी पाऊण किलो सोललेली कोळंबी हवी असेल तर दीड किलो घ्यावी. कालवणासाठी मध्यम आकाराचे बारा बांगडे, म्हणजे माणशी एक, पुरे होतात. तिसऱ्या माणशी आठ-दहा धराव्या, म्हणजे शंभर-सव्वाशे. शिंपा फार आणि मांस थोडे असल्यामुळे ही संख्या दिसते तितकी मोठी नाही. नारळ पाच ते सहा लागतील : दोन वाटणाला, उरलेले सोलकढीला. सोलकढीसाठी वीस-पंचवीस आमसुले आदल्या रात्री नव्हे, सकाळी कोमट पाण्यात भिजत घालावी. तांदूळ सव्वा ते दीड किलो. चार पदार्थ असले म्हणजे प्रत्येक पदार्थ पोटभर करायचा नसतो, हे लक्षात ठेवले की खर्च आणि नासाडी दोन्ही आवरतात.

हा हिशेब मनाशी करून बाजारात जावे, आणि लवकर जावे. मुंबईत १८७५ साली बांधलेल्या ससून गोदीत किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलाव होतात आणि तिथून मासळी शहरभर पसरते. बंदरावर जाण्याइतकी उठाठेव न करता नेहमीच्या बाजारात गेले तरी चालते. मात्र आत शिरताच पहिल्या पाटीशी थांबू नये. एकदा सबंध बाजारातून रिकाम्या हाताने फिरून यावे. आज कशाची आवक अधिक आहे हे त्या एका फेरीत कळते. ज्या माशाच्या पाट्या सर्वत्र भरलेल्या दिसतात तो बहुधा त्या दिवशीचा ताजा आणि स्वस्त मासा. त्यालाच आपल्या यादीत मुख्य जागा द्यावी. जो एखाद्याच गाळ्यावर बर्फाखाली दबून पडलेला दिसतो तो कितीही प्रतिष्ठित असला तरी त्याला दुरून नमस्कार करावा.

ताजेपणाची परीक्षा डोळ्यांनी, बोटांनी आणि नाकाने करायची असते. ताज्या माशाचा डोळा फुगीर व पाणीदार असतो. शिळ्याचा आत जातो आणि धुरकट होतो. कल्ला उघडून पाहावा : आतला रंग लाल किंवा गुलाबी हवा, तपकिरी किंवा करडा नको. अंगावर बोट दाबावे. खळगा लगेच भरून आला तर मांस घट्ट आहे, तसाच राहिला तर मासा थकलेला आहे. पापलेटाच्या कल्ल्यापाशी दाबले असता दुधासारखे पाणी आले तर तो ताजा, लालसर आले तर शिळा, अशी जुन्या गिऱ्हाइकांची खूण आहे. वासाच्या बाबतीत एकच सांगता येईल. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो, मासळीचा वास नंतर येतो. आणि नवसागरासारखा झणका आला की ती पाटी सोडावी.

कोळंबीचे डोके अंगाशी घट्ट असावे. ते सैल होऊन काळे पडू लागले असेल तर ती घेऊ नये. तिसऱ्या जिवंतच घ्याव्या. तोंड मिटलेल्या निवडाव्या. एखादी उघडी असेल तर तिच्यावर टिचकी मारावी. मिटली तर जिवंत, न मिटली तर टाकून द्यावी. शिजवल्यावरही जी उघडत नाही ती पानात वाढू नये. खेकडा आकारावरून नव्हे, वजनावरून निवडावा. हातात घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा जड लागला तर तो भरलेला. कात टाकल्यावर खेकडा काही काळ आतून पोकळ असतो. असा खेकडा मोठा दिसतो पण पानात निराशा करतो. पोटाखालची झडप निमुळती असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मांस हवे तर नर घ्यावा. पोटाखाली अंड्यांचा पुंजका बाळगणारी मादी मात्र घेऊ नये.

हे शेवटचे वाक्य चवीसाठी सांगितलेले नाही. २०२३ साली महाराष्ट्राने चंदेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. मान देण्याची वेळ आली ती त्याची संख्या घटू लागल्यामुळे. त्याच वर्षी राज्याने माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. चंदेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. तळहाताएवढेही नसलेले पापलेट पाटीत दिसते तेव्हा ते एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेले असते. स्वस्त पडते म्हणून आपण ते घेतो, आणि पुढल्या वर्षी पापलेट महाग का झाले म्हणून हळहळतो. कायदा किनाऱ्यावर पाहारा करील. पण जे गिऱ्हाईक विकत घेणार नाही ते कोणी पकडणार नाही, एवढी सत्ता आपल्या पिशवीतही आहे.

कोळिणीशी बोलण्याविषयी दोन शब्द. तिच्याशी घासाघीस जरूर करावी. तो या बाजाराचा रिवाज आहे आणि तिलाही तो अपेक्षित असतो. परंतु मासा हातात घेऊन त्याला नावे ठेवणे हा भाव पाडण्याचा मार्ग नव्हे. पहाटे दोन-तीन वाजल्यापासून ती बाजाराच्या खटपटीत असते. एकाच कोळिणीकडे नेमाने गेले म्हणजे ती स्वतःच सांगते, "आज हलवा नको, उद्या या." हा सल्ला कोणत्याही पाकपुस्तकात मिळत नाही. मासा तिच्याकडूनच कापून घ्यावा, आणि कालवणाच्या तुकड्या व तळणाच्या तुकड्या वेगळ्या जाडीच्या करून मागाव्या. सुरमईचे डोके टाकून देऊ नये. आमटीला खरा स्वाद त्याचाच. आत गाभोळी निघाली तर ती जपून आणावी.

खरेदीचा क्रमही ठरलेला असावा. आधी तिसऱ्या आणि खेकडे, कारण ते जिवंत असल्याने थोडा वेळ धरतात. मग मोठा मासा, आणि सर्वांत शेवटी कोळंबी व बांगडा. घरून झाकणाचा डबा न्यावा आणि बाजारातूनच बर्फ घ्यावा. आपल्या उष्ण हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ हवा, असे या विषयातले जाणकार सांगतात. बांगडा, तारली आणि कुपा यांच्या बाबतीत तर हयगय मुळीच नको. हे मासे उष्ण हवेत पडून राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवल्यानेही नाहीसे होत नाही. चेहरा लाल होणे, खाज, डोकेदुखी असा त्रास त्यातून होतो. स्वस्त मासा म्हणून त्याला उन्हात पिशवीत लोंबकळत आणणे ही त्या माशाची विटंबना आणि पाहुण्यांशी दगाबाजी होय.

घरचा क्रम असा असावा. आदल्या संध्याकाळी मसाला भाजून ठेवावा, लसूण सोलावी, भांडी काढून ठेवावी. सकाळी बाजारातून येताच तिसऱ्या मिठाच्या पाण्यात टाकाव्या, म्हणजे त्या पोटातली वाळू सोडतात. मासे धुऊन, हळद-मीठ व आमसुलाचा आगळ लावून थंड जागी ठेवावे. नारळ खवून दूध काढावे. कालवण जेवणाच्या तासभर आधी करून झाकून ठेवावे, कारण मुरले की ते अधिक चांगले लागते. कोळंबीला फार शिजवू नये. चार-पाच मिनिटांत ती होते, आणि त्यापुढे चिवट होत जाते. तळण मात्र पाने मांडल्यावरच सुरू करावे. तळलेली तुकडी वाट पाहत नाही. पाहुण्यांनीच तिची वाट पाहावी.

श्रोते हो, हे सारे किनाऱ्यावरच्या भाग्यवंतांसाठी झाले. परंतु आपल्यापैकी पुष्कळ जण नागपूर, इंदूर, दिल्ली, कोलकाता अशा ठिकाणी आहेत. त्यांनी काय करावे? उत्तर तेच : यादी पाण्याला दाखवावी, जवळचे पाणी जे देईल ते घ्यावे. भंडारा-गोंदियाकडे जुन्या मालगुजारी तलावांची गोडी मासळी मिळते. उत्तरेतल्या बाजारांत रोहू व कटला विपुल असतात आणि कित्येकदा जिवंत मिळतात. ओल्या खोबऱ्याच्या वाटणात, आमसूल घालून केलेला ताजा रोहू मालवणी कालवणाशी नाते सांगतो. काटे तेवढे सांभाळावे लागतात. कोलकात्यास असाल तर हिलशाला मान द्यावा. आपल्याकडे त्यालाच पाला म्हणतात.

किनाऱ्यावरच्या परक्या शहरांत आपले मासे भेटतात, पण नावे बदलून. चेन्नईत सुरमई वंजरम या नावाने मागावी, केरळात नेय्मीन म्हणून. केरळातच बांगडा अयला होतो आणि तारली मत्ती. कोलकात्यात कोळंबी चिंगडी होते. २००९ सालानंतर भारतात व्हनामी जातीच्या कोळंबीची शेती फार वाढली. त्यामुळे समुद्रापासून दूरच्या शहरांतही भाताच्या जागेची चिंता आता उरलेली नाही. दूरवर आलेला समुद्राचा मासा घ्यायचाच असेल तर अर्धवट बर्फात चार दिवस काढलेल्या "ताज्या" माशापेक्षा नीट गोठवलेला मासा बरा. तो आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात हळूहळू सुटू द्यावा. गरम पाण्यात टाकून घाई करू नये. मासा टिकवण्यासाठी फॉर्मालिन लावल्याच्या संशयावरून २०१८ साली गोव्यात मोठी खळबळ माजली आणि तिथल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने हा दोष घरच्या घरी ओळखण्याची कागदी पट्टी पुढे आणली. पण पट्टीपेक्षाही मोठा आधार ओळखीच्या विक्रेत्याचा असतो.

मेजवानी म्हणजे केवळ खर्च नव्हे. आपल्या माणसाला काय आवडते हे आपल्याला ठाऊक आहे, असे त्याला न बोलता सांगणे होय. मामांना त्या दिवशी काय आवडले असते ते बाजाराला ठाऊक होते, कोळिणीला ठाऊक होते. मला तेवढे ठाऊक नव्हते, कारण मी माझी प्रतिष्ठा वाढायला निघालो होतो.

आजही घरी पाहुणे यायचे असले म्हणजे मी कागद घेतो. त्यावर तळण, कालवण, सुके आणि भात असे चार शब्द लिहितो आणि त्यांच्यापुढच्या जागा कोऱ्या ठेवतो. कागदाच्या तळाशी मात्र एक ओळ न चुकता लिहितो : बांगडा आला आहे का, ते प्रथम विचारणे.